कर्दळीचं गुंडाळलेलं पान

आमच्या शेजारचा माणूस मजुरीनं लोकांच्या धानावर फवारणी करतो. संध्याकाळी पाठीवर पंप घेऊन तो परततो, तेव्हा औषधाचा वास त्याच्याआधी गल्लीत शिरतो. बोलणं कमी, आणि बोलण्याआधी एक सुस्कारा. आंघोळ झाली की न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेल्या कर्दळीपाशी उकिडवा बसतो. अळ्यांनी पानं गुंडाळून आत घर केलेलं असतं. एकेक पान उलगडून तो अळी डबड्यात टाकतो आणि डबडं नाल्यापलीकडच्या झुडपात रिकामं करून येतो. चार दिवसांनी पानं पुन्हा गुंडाळलेली.

एकदा मी वैतागून म्हटलं, "पंप तं घरीच आहे तुझ्या. मार न दोन फवारे!"

"दिवसभर मारूनच राहिलो न भाऊ. घरीबी तेच करू का?"

परवा माझ्याच कर्दळीची चाळणी झालेली दिसली. कामावरून येताना त्याला थांबवलं, पंपात उरलं असेल ते मारून जा म्हटलं. त्यानं नकार दिला नाही. पंप खाली ठेवून पहिलं पान उलगडलं. आत अळी नव्हती, पांढऱ्या भुकटीत कोष होता. त्यानं पान पुन्हा तसंच गुंडाळलं आणि खांद्यावरच्या दुपट्ट्याचा दोरा तोडून बांधलं.

"हा आता खात नाही भाऊ. निजला हाये. निजू द्या त्याले."

मग तिथंच पंपाला टेकून त्यानंही डोळे मिटले. माझी बायको चहा घेऊन बाहेर आली. त्याला हाक मारणार, तोच मी तिला हातानं थांबवलं.