बंबातलं पाणी

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही — तुम्ही मध्ये बोलणार नाही, एवढं बरं आहे.

नेरहून थोडं पुढं आमचं गाव. तिथल्या नगरपालिकेचा मी अध्यक्ष होतो; लोक अजून ‘अध्यक्ष’ म्हणूनच हाक मारतात. नळ आणले, दिवे आणले, स्मशानात शेड टाकली — मेलेल्यानंही माझं नाव काढावं याची सोय केली! हे सगळं खरं आहे. पण सांगायचंय ते वेगळंच.

रशीदबद्दल सांगायचंय. शाळेत आम्ही एका बाकावर. पुढं तो पंप-मोटारींचा मिस्त्री झाला, मी पुढारी. चारचौघांत मला ‘साहेब’ म्हणायचा आणि मी त्याच्या दुकानात शिरलो की, ‘‘सुध्या, हात काळे कर जरा,’’ म्हणून पाना हातात द्यायचा. पालिकेचा आगीचा बंब जुनाट; देखभाल त्याच्याकडं. रशीदनं तो म्हाताऱ्या बापासारखा जपला. दर शुक्रवारी नमाजाहून येताना पंप चालवून बघायचा. माझा फार जीव होता त्याच्यावर. हे म्हणायची आता लाज वाटते — पण होता.

त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता. खरेदी केंद्रापुढं गाड्यांची रांग आठ-आठ दिवस हलत नसे. ते बघायला मंत्री यायचे ठरले, हेलिकॉप्टरनं. शाळेच्या मैदानावर घोटाभर फुफाटा. मी म्हटलं, बंबानं पाणी मारा.

रशीद सकाळीच घरी आला. ‘‘सुध्या, टाकी रिकामी करू नोको. लाइन नाही, मोटार बंद हाय; पुन्हा भराले सांज होईन. रांगेत कापूस हाय, अन् लोक बिड्या फुकून राह्यले.’’

‘‘अन् मंत्र्याच्या डोळ्यात फुफाटा गेला त?’’

त्यानं जाऊन टाकी मैदानावर ओतली. हेलिकॉप्टर आलंच नाही.

आग दुपारी लागली. लोकांनी भराभर बैल सोडले, म्हणून जिवानिशी कोणी गेलं नाही. बंब धावत आला — आणि नळीतून दोन गुळण्या पडल्या. बस्स. बारा गाड्या कापूस डोळ्यांदेखत जळाला. माणसं माझ्याकडं वळली. मैदानावर पाणी मारलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं. टाकी परत भरली असेल, असंच ती धरून चालली होती. आणि मी? मी... मोठ्यानं म्हणालो, ‘‘पंप बसला वाटते.’’

रशीद पंपाशीच उभा होता. त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं. टाकीचं झाकण उघडून दाखवायला त्याला किती वेळ लागला असता?

‘‘हो,’’ तो म्हणाला. ‘‘माहीच चूक झाली, साहेब.’’

दुसऱ्या दिवशी खरं सांगता आलं असतं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. बंबाचा ड्रायव्हर माझा माणूस, तो बोलणार नव्हता. चौकशीत मी लेखी तेच दिलं — पंप नादुरुस्त. खुर्ची जाईल म्हणून भ्यालो, दुसरं काही नाही.

ज्याच्या हातानं बंब बंद पडला, त्याच्याकडं विहिरीची मोटार कोण देणार? दुकान ओस पडलं. रशीद लोहाऱ्याला एका कारखान्यात लागला. त्यानं मला कधी एका शब्दानं विचारलं नाही. ईदला शीरखुर्म्याचा डबा दरवर्षी येत राहिला. मी तो दरवर्षी खाल्ला.

गेल्या साली रशीद गेला. मातीला गेलो होतो. कब्रस्तानाबाहेर त्याच्या मुलानं, इरफाननं, माझे दोन्ही हात धरले. रडत होता. ‘‘काका, अब्बाच्या हातून जिंदगीत तेवढी एकच चूक झाली. लोकायनं लय बोललं. पण मी त्यायले कधी बोल लावला नाही.’’

पोरगा बापाला माफ करत होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, ‘‘माणसाच्या हातून होते, बेटा.’’