पांढऱ्या रश्श्याची तक्रार

लोकसभा झाली, विधानसभा झाली, आता महापालिका. प्रचाराच्या रिक्षांनी कान किटले होते आणि शाहूपुरीतल्या आमच्या गल्लीतलं गटार अजून रस्त्यावरूनच वाहत होतं. उमेदवाराला समोरासमोर गाठायचं म्हणून मी त्याच्या मटणाच्या जेवणाला गेलो.

शेजारच्या खुर्चीवर पलीकडच्या गल्लीतला एक गृहस्थ होता. बाह्या दुमडून तो रश्श्यात भाकरी कुस्करायचा, वाटी तोंडाला लावायचा आणि मिशी पुसत मान हलवायचा.

"काल दुसऱ्या पार्टीचा तांबडा म्हंजे नुसता जाळ हुता. ह्यो बरा हाय."

मी गटाराचा विषय काढला, तेव्हा मात्र त्याचा घास हातातच राहिला.

"आमची आई त्याच घाणीत घसरली, पावणं. खुबा मोडला. अजून हातरुणात हाय."

तेवढ्यात उमेदवार हात जोडत आमच्यापाशी आला. "काय कमी-जास्त असलं तर हक्कानं सांगा."

मी शेजाऱ्याकडं पाहिलं. याची आई अंथरुणाला खिळलेली. पहिल्यांदा यानंच बोलावं, असं मला वाटलं. आणि तो बोलला. चार टेबलांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलला.

"पांढरा लई पातळ झालाय की ओ!"

आचाऱ्याला हाक मारून उमेदवार पुढच्या टेबलाकडं सरकला. दाट रस्सा लगेच आला. आमच्या प्रभागात एखाद्या तक्रारीची एवढी तातडीनं दखल घेतलेली मी ना आधी पाहिली, ना नंतर.

"अहो, आईचं का नाही बोललात?" मी चिडून विचारलं.

त्यानं भरलेली वाटी जवळ ओढली.

"जेवताना गटाराचं नाव काढायचं न्हाय, पावणं."