सहा पट्ट्यांची सायकल

नेमूअण्णा गेल्याची बातमी आली तेव्हा आम्ही एका पाटीवरून भांडत होतो. उद्यमबागेतल्या कामगारांसाठी पत्रकं काढणारी आमची सात-आठ जणांची टोळी, आणि वाद काय, तर मराठी ओळ वर की कन्नड ओळ वर! फोन आक्कांचा होता, अण्णांच्या बायकोचा. "तुझा अण्णा गेला गं... मशीनचं झाकण लागलं." ती पाटी अण्णांनीच मागितली होती, आठ दिवसांपूर्वी. हे आधीच सांगून टाकते. पुढं मी कारखान्याला बोल लावीन तेव्हा स्वतःला वगळलं असं कुणी म्हणायला नको.

अण्णा मूळचे सीमाभागातल्या सदलग्याचे. घरात कन्नड, गल्लीत मराठी, रागावले की दोन्ही. वडगावात आमच्या समोरच राहायचे आणि एका फौंड्रीत यंत्रांची विजेची बाजू सांभाळायचे. तिथल्या एका मशीनवर साचा गरागरा फिरतो, आत वितळलेलं लोखंड ओततात, ते फिरण्याच्या जोरानं कडेला बसतं आणि पोकळ नळा तयार होतो. वेग कमी पडला तर नळा वाया. फार वाढला तर साच्याचं झाकण सुटून माणसाच्या अंगावर. म्हणून वेग मोजायचा. साच्याच्या फिरत्या दांड्यावर सहा बोल्ट, समोर सेन्सर. बोल्ट समोरून गेला की एक ठोका. ते ठोके पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा छोटा संगणक, मोजतो आणि फलकावर मिनिटाचे फेरे दाखवतो. भरभर येणारे ठोके मोजणारं त्याचं खास कार्ड जळलं. नवं आणायचं सोडून मॅनेजरनं सेन्सरची वायर पीएलसीच्याच साध्या, सावकाश मोजणाऱ्या जागी जोडायला लावली. "तात्पुरती आहे," म्हणाला. ती तात्पुरती वायर उन्हाळाभर आणि पावसाळाभर तिथंच राहिली.

मला कळेना, वायरीचं एवढं काय घेऊन बसलेत. अण्णांनी अंगणात आपली जुनी सायकल उलटी उभी केली, मागच्या चाकाला सहा चकचकीत पट्ट्या चिकटवल्या. "फिरव हळू." ते डोळे मिटायचे, उघडायचे, मिटायचे. "पीएलसी असाच बघतो. बघितलं, काम केलं, परत बघितलं. मधी गेलेलं त्याला दिसत न्हाय." हळू फिरवलं तेव्हा त्यांचा आकडा बरोबर आला. "आता जोरात." मी जीव खाऊन फिरवलं, आणि त्यांना पट्ट्या मोजता आल्या त्या पहिल्यापेक्षा कमी!

"आता तू मशीनवर हाईस. आकडा कमी दिसतोय. काय करशील?"

"वेग वाढवीन."

"व्हय? मग आकडा आणिक कमी दिसंल. मग?"

अण्णा म्हणाले, "पत्रकं लई लिहितीस की. एवढी एक पाटी छापून दे. हा आकडा खोटा आहे, बघून वेग वाढवू नका. दोन्ही भाषांत."

आणि आम्ही वर-खाली करत बसलो. आठ दिवस! तोवर अण्णांनी वहीच्या कागदावर दोन्ही ओळी शेजारी-शेजारी लिहून फलकाखाली चिकटवल्यासुद्धा. शेजारी-शेजारी. भाषेसाठी घसा फोडणाऱ्या आम्हा शहाण्यांपैकी एकालाही हे सुचलं नाही. मॅनेजरनं तो कागद फाडला. गिऱ्हाईक मशीन बघायला येणार होतं, वाईट दिसलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन चालवायला संभा नावाचा कामगार होता. आकडा चढेना म्हणून त्यानं वेग वाढवला, मग आणखी वाढवला. आवाजावरून अण्णांना कळलं. हातातलं वेग मोजायचं यंत्र घेऊन ते धावले, "थांबव रं, थांबव!" ओरडत... तेवढ्यात झाकण सुटलं.

कारखान्याच्या कागदात लिहिलंय, कर्मचाऱ्यानं सुरक्षित अंतर राखलं नाही. आणि वेग? वेग मर्यादेतच होता म्हणे, फलकावर तशी नोंद आहे! ज्या आकड्याला खोटा म्हणता-म्हणता माणूस मेला, तोच आकडा त्याच्याविरुद्ध साक्षीदार. खाली संभाची सही. संभाला दोन लेकरं आहेत, त्याला नोकरी हवी, मला सगळं समजतं. तरी राग येतो तो येतोच. आक्का तो कागद कुणाला दाखवत नाहीत. मला एवढंच म्हणाल्या, "आयुष्यभर दुसऱ्याला लांब हो म्हणणारा माणूस गं. त्याला अंतर कळत नव्हतं म्हणत्यात."

तो कागद बदलून घ्यायचाय. मला दुसरं काही नको.

गेल्या आठवड्यात आक्कांनी सायकल बाहेर काढून दिली. पाळी सुटायच्या वेळी मी ती कारखान्याच्या फाटकासमोर उलटी उभी केली, शेजारी पाटी, दोन ओळी शेजारी-शेजारी. चाक फिरवलं. "डोळे मिटा-उघडा आणि मोजा!" पोरं हसली, मग मोजू लागली, मग हसेनाशी झाली. वॉचमन हटकायला आला आणि तोही मोजत उभा राहिला. सगळ्यांच्या मागं संभा होता. अण्णा गेले त्या दिवसापासून तो कुणाशी बोलला नव्हता. पुढं आला, चालत्या चाकावर तळहात टेकवला आणि चाक थांबवलं. मग एकेका पट्टीवर बोट ठेवत गेला.

"सहा," तो म्हणाला. मोठ्यानं, फाटकाच्या आत ऐकू जाईल असं. "अण्णा बरोबर हुता. कुठं सही करू, सांग."