घासून लख्ख केलेला डबा

बाळू, एकोणऐंशी साली मी नर्सिंग शिकायला नाशिकला निघाले, तेव्हा दिंडोरीच्या स्टँडवर आईनं माझ्या हातात लाडवांचा डबा दिला होता, आठवतो? द्राक्षांवर फवारायच्या औषधाचा पत्र्याचा डबा. तीनदा राखेनं घासून, उन्हात वाळवून तिनं तो लख्ख केला होता. "झाकण लय घट्ट हाय, मुंगी नाय शिरायची," म्हणाली. हॉस्टेलच्या पोरींनी लाडू दोन दिवसांत फस्त केले. डबा मी पुढं वर्षभर चिवड्याला वापरला.

आपल्या घरात असे किती डबे होते! एक तेलाला, एक मिठाला, आणि सगळ्यात मोठा मळ्यात प्यायच्या पाण्याला. चांगला डबा टाकून द्यायचा म्हणजे आईच्या जिवावर यायचं. आत काय होतं, हे कुणी विचारलं नाही.

अण्णांचं तर बोलायलाच नको. बागेला नुसतं मोरचूद आणि चुना लागायचा, तेव्हापासून ते पिंपात हात घालून ढवळायचे. "काठीला काय कळतंय? गुठळी हाताला लागती," म्हणायचे आणि कोपरापर्यंत निळा झालेला हात पारावर मिरवायचे. पुढं जहाल औषधं आली, तरी पिंपात हात तोच. विकणारा साहेब बांधावर उभा राहून बघायचा आणि खुशाल पुढच्या हंगामाची ऑर्डर लिहून घ्यायचा. त्या माणसाचा मला आजही संताप येतो. डब्यावरच्या सूचना इंग्रजीत. कवटीचं चित्र तेवढं सगळ्यांना कळायचं, तर आई पहिली तीच घासून काढायची, पोरं भितात म्हणून.

दुसऱ्या वर्षी माझी ड्यूटी वॉर्डात लागली. फवारता फवारता कोसळलेला एक गडी आणला होता. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. कुठलं औषध, असं डॉक्टरांनी विचारल्यावर त्याच्या बायकोनं पिशवीतून डबा काढला. तोच रंग, तेच झाकण. त्याच्यावरची कवटी तेवढी शाबूत होती.

त्याच रविवारी घरी येऊन मी सगळ्या डब्यांना पहारीनं भोकं पाडली. "नर्स झाली म्हणून घर मोडाया निघाली," आई म्हणाली. ढवळायला मी लाकडी दांडा आणला, तो अण्णांनी गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून लावला.

पुढं अण्णांचे हात थरथरायला लागले, बशीतला चहा सांडायला लागला. वय झालं, म्हणाले सगळे. अरे, पन्नाशीही नव्हती! द्राक्षाच्या मण्यावर डाग दिसला की व्यापारी पेटी परत करायचा. अण्णांच्या हातांकडं मरेपर्यंत एकानंही पाहिलं नाही.

आज मी नाशिकला फ्लॅटमध्ये राहते. गॅस आहे, फ्रिज आहे, नाइट ड्यूटीचा अलाउन्स आहे. परवा घरी आले, तेव्हा तू मला चहा दिलास आणि कपबशी वाजली. मी गोठ्याकडं पाहिलं. दांडा अजून दाराला होता.

हॉस्टेलात मी पोरींना सांगायचे, घर म्हणजे आमचा मळा, आमची विहीर. आता मला घर म्हणजे तुझे दोन हात दिसतात. ते गेले, तर मी दिंडोरीचं तिकीट कशाला काढू? मंगळवारच्या पहिल्या एस.टी.नं ये. तुझं रक्त तपासायचंय. बाग एक दिवस थांबेल.