बोल्टांचं बाळ

आमच्या उताराच्या पायथ्याशी एक मिस्त्री होता. गाडीला हात लावायच्या आधी तो मालकालाच गाडी व्हायला लावायचा. थट्टा करत नाही. मी स्वतः त्याच्या गॅरेजात डावं चाक झालेलो आहे.

झालं असं, की मेहुण्याने त्याची अठरा वर्षांची गाडी माझ्या गळ्यात मारली. लेक टेकडीवरच्या दवाखान्यात बाळंत झालेली, आणि चार दिवसांच्या नातीला आपल्याच गाडीतून घरी आणायचं मी मनात घेतलेलं. पण ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढायची, अन् खड्ड्यात पुढून खुट्ट व्हायचं. आमची ही म्हणाली, मिस्त्री हो म्हणेपर्यंत पोर या डब्यात बसणार नाही.

मिस्त्रीने बॉनेटसुद्धा उघडलं नाही. मला डावं चाक केलं, हिला उजवं, आणि मेहुण्याला आमचे खांदे धरून मागे उभं केलं, तो ड्रायव्हर. ब्रेक म्हटलं की गाडीत होतं अगदी तसंच करायचं, असं बजावलं. निघालो. शेजारचा टायरवाला गिऱ्हाईक सोडून बघायला आला. ब्रेकचा पुकारा होताच मी जागच्या जागी थांबलो, ही गेली तशीच पुढे, आणि आमची गाडी गर्रकन डावीकडे वळून ग्रीसच्या पिंपावर आदळली.

"थांबला त्याची चूक नाही, वहिनी," मिस्त्री शांतपणे म्हणाला. "तुमची आहे."

"चाळीस वर्षं संसार केला," ही म्हणाली, "असं तोंडावर कुणी बोललं नव्हतं."

मग त्याने जॅक लावला. उजव्या चाकाच्या ब्रेक कॅलिपरमधला पिस्टन गंजून बसलेला. ते चाक ब्रेक धरतच नव्हतं. सगळा भार बिचारं डावं एकटं वाहत होतं. मी हिच्याकडे पाहिलं. हिने पाहिलं नाही. मग त्याने चाक वरखाली धरून हलवलं, तर चाकाला धरून ठेवणारा खालचा बॉल जॉइंट माझ्या अक्कलदाढेसारखा डुगडुगत होता. खड्ड्यातलं खुट्ट ते हेच. मेहुणा म्हणाला, माझ्याकडे असताना असलं काही नव्हतं.

"तुम्ही कधी थांबलाच नसाल," मिस्त्री म्हणाला.

दोन्ही बदलून झालं तरी गडी हो म्हणेना. बाळाचं वजन विचारलं. सव्वातीन किलो. त्याने तेवढेच सुटे बोल्ट तोलले, धुतलेल्या फडक्यात गुंडाळले आणि हिच्या मांडीवर दिले. उतार वरून खालपर्यंत यायचा, तीनदा करकचून ब्रेक मारायचा. बोल्ट खडखडले तर गाडी परत जॅकवर.

आलो. हिने सगळा रस्ता गाठोड्याची मान सावरून धरली होती. पायथ्याशी मिस्त्री रस्त्याच्या मधोमध उभा. गाडी रेघ ओढल्यासारखी सरळ येऊन त्याच्यापुढे हातभर अंतरावर थांबली. त्याने खिडकीतून डोकं आत घालून कान लावला. एक बोल्ट वाजला नाही. मी बढाई मारायला तोंड उघडलं, तर हिने ओठांवर बोट ठेवलं. दुसऱ्या हाताने ती थोपटतच होती.

"आता खरं आणा," मिस्त्री कुजबुजला.