बोक्याचं वजन

आमच्या बोक्याला बारीक करायचं ठरलं तेव्हापासून माझं डोकं जे फिरलं, ते अजून पुरतं जागेवर आलंय असं वाटत नाही.

मी बेंबळीत अंगणवाडी सेविका आहे. माझं सगळं आयुष्य वजनं वाढवण्यात गेलं. कुणाचं पोर किती ग्रॅमनं वर गेलं, कुणाचं खाली आलं, कुणाच्या आईला दोन शब्द सुनवायचे, हेच माझं काम. वजन कमी कसं करायचं हे मला कुणी शिकवलं नाही, अन् आमच्या अंगणवाडीत तशी वेळही कधी आली नव्हती.

पण बोका फुगला होता. उंबरा ओलांडताना त्याचं पोट घासायचं. पूर्वी भिंतीवर टुणकन चढायचा, आता भिंतीखाली बसून आधी भिंतीकडं बघायचा अन् मग माझ्याकडं, जणू भिंत मीच उंच केली. एके दिवशी अंगणात चार पावलं चालून धापा टाकायला लागला, तेव्हा मामा घाबरले. मामा म्हणजे माझे सासरे. आत्या, म्हणजे सासूबाई, गेल्यापासून ते कुणाशी फारसं बोलत नाहीत. जे काय बोलायचं ते बोक्याशी. त्या दिवशी चुलीपाशी येऊन म्हणाले, "ह्याला दाखवून आण की कुठंतरी. हे बी गेलं तर म्या काय करू?" त्याआधी मामांनी तोंड उघडून माझ्याकडं काही मागितल्याचं मला आठवत नाही. दुसऱ्याच दिवशी मी रजा टाकली.

धाराशिवच्या जनावरांच्या डॉक्टरांनी बोक्याला टेबलावरच्या काट्यात बसवलं. सव्वासात किलो. म्हणाले, पाचच्या आसपास पाहिजे. पण घाई करायची नाही, उपाशी तर अजिबात ठेवायचं नाही. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही तर त्याचं लिव्हर खराब होतं अन् जीव जातो. दूध-भाकरी बंद. हे पाकिटातलं कोरडं खाणं, ह्या मापानं, दिवसातून चार वेळा थोडं थोडं. वजन हळूहळू उतरलं पाहिजे, झपाट्यानं उतरायला लागलं तर लगेच घेऊन या.

"म्हणजे जाड राहिला तरी धोका, उपाशी राहिला तरी धोका?" मी विचारलं.

"असंच समजा," डॉक्टर म्हणाले. माझा पारा चढला, पण राग काढायचा कुणावर ते कळेना.

घरी आल्यावर मामांनी पाकिटात नाक घातलं. "ही तर सरकीच्या पेंडीवाणी दिसायली," म्हणाले. बोक्याचंही मत तेच असावं. पहिल्या दिवशी त्यानं वास घेतला अन् पाठ फिरवली. दुसऱ्या दिवशीही तेच. माझ्या डोळ्यापुढं त्याचं लिव्हर नाचायला लागलं. फोनवर डॉक्टरांनी सांगितलं तसं कोमट पाणी टाकून, वर उकडलेलं अंडं कुस्करून दिलं, तेव्हा कुठं त्यानं तोंड लावलं. मी त्याच्यापुढं उकिडवी बसून "खा रे बाबा, खा" करत होते. गावातल्या एकाही पोरापुढं मी एवढी नमले नव्हते.

वजनाचं काम मी दर रविवारी घरीच करायचं ठरवलं. आमचे हे ढोकीला कारखान्यात आहेत. मागं त्यांनी काचेचा काटा आणला होता अन् स्वतःचा आकडा बघून पलंगाखाली सरकवला होता. बोका एकटा काट्यावर थांबेना. मी उचलला तर ओरबाडायचा. तो फक्त मामांच्या हातात शांत बसतो. मग आधी मामा एकटे चढले, एक्कावन्न. मग बोक्याला घेऊन चढले, सव्वाअठ्ठावन्न. वजा केलं की सव्वासात. डॉक्टरांशी बरोबर जुळलं. मी कॅलेंडरवर पेनानं दोन्ही आकडे लिहिले अन् मला फार हुशार असल्यासारखं वाटलं.

पुढच्या रविवारी मामा कुरकुरले. "दोनदोनदा कशाला चढवायलीस गं? गुडघं लई दुखायलेत." खरंच दुखत होते, खाली उतरताना त्यांनी माझा खांदा धरला. मी म्हटलं, ऱ्हाऊ द्या, तुमचा आकडा कॅलेंडरवर आहेच. नुसतं बोक्याला घेऊन एकदा चढा.

त्या रविवारी बोका पावणेसात भरला. मी ह्यांना फोन करून सांगितलं. पुढच्या रविवारी सव्वासहा. मी मामांना म्हणाले, आपला बोका लई गुणाचा. मामा हसले. त्याच्या पुढच्या रविवारी साडेपाच, अन् माझं हसू गेलं. डॉक्टरांनी झपाट्यानं नको म्हणून बजावलं होतं, अन् हे तर झपाट्यानंच चाललं होतं.

पण त्याहून मोठा घोळ म्हणजे बोका दिसायला होता तसाच होता. पोट तसंच उंबऱ्याला घासत होतं. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत असं डॉक्टर म्हणाले होते. मी बोटं रुतवली तर गादीत रुतल्यासारखी रुतली. डोळा एक सांगायचा अन् काटा दुसरंच. काट्याचा सेल बदलला, फरशीवरून उचलून ओट्याजवळ ठेवला, स्वतः चढून बघितलं. काटा बरोबर होता. शेजारच्या काकू म्हणाल्या, "आतून पोखरलं असंल, वरनं सूज असती." त्यांना काय जातंय बोलायला. पण मी ते ऐकून हादरले. मी डॉक्टरांना न विचारता माप वाढवलं, दीडपट दिलं. रविवारी बघते तर पाच.

खायला जास्त घातलं तरी वजन कमी. माझ्याकडं असं पोर आलं की मी त्याला बसू देत नाही, तडक दवाखान्यात धाडते. अन् इथं मी कॅलेंडरपुढं उभी राहून वजाबाकी पुन्हा पुन्हा करत होते. मामांना काही बोलले नाही. काय बोलणार, तुमचा बोका झिजायलाय म्हणून? ते रोज संध्याकाळी त्याला मांडीवर घेऊन बसायचे. जेवायला बोलावलं तर म्हणायचे, पोट भरलंय, दुपारचंच जिरलं न्हाय. दुपारी मी अंगणवाडीत असते. त्यांचं ताट झाकून जाते, आल्यावर ते रिकामं असतं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

सहाव्या रविवारी बोका साडेचार भरला अन् मला रडू फुटलं. मामा काट्यावरच उभे राहून माझ्याकडं बघत होते. "कमी झालं न्हवं? मग रडतीस कशाला?" मी तोंड पुसलं अन् म्हटलं, उद्या धाराशिवला जायचं. येताना आम्ही तिघं येऊ की दोघंच, हे मला सांगता आलं नसतं.

जीपमध्ये टोपलीवर टॉवेल बांधून मामांनी ती सगळ्या वाटेनं मांडीवर धरली. डॉक्टरांनी बोक्याला टेबलावर घेतलं, काट्याकडं बघितलं अन् म्हणाले, "साडेसात."

"नीट बघा, डॉक्टर."

त्यांनी पुन्हा बसवला. साडेसात. "वाढलंय की. काय खाऊ घालताय?"

माझी तर मतीच गुंग झाली. मी पर्समधून कॅलेंडरचं पान काढून त्यांच्यापुढं ठेवलं, म्हणाले बघा, हे माझ्या हातचं आहे, एकही रविवार चुकवला नाही. डॉक्टरांनी पान खालवर बघितलं अन् एका आकड्यावर बोट ठेवलं.

"हे एक्कावन्न कुणाचं?"

"माझ्या सासऱ्यांचं."

"कधीचं?"

"पहिल्या रविवारचं," मी म्हटलं. पोर काट्यावर थांबत नसेल तर आईला त्याच्यासकट चढवायचं अन् आईचं वजन दर वेळी नव्यानं घ्यायचं, हे मी नव्या मदतनिसांना स्वतः शिकवते. बोका उतरलाच नव्हता.

मामा दाराशी उभे होते. धोतर कमरेला दोनदा खोचलेलं होतं अन् सदऱ्याचा खांदा दंडावर ओघळला होता. रोज बघत होते मी त्यांना. कोपऱ्यात मोठ्या कुत्र्यांसाठीचा काटा होता. मी म्हटलं, "मामा, ह्याच्यावर उभं राहा." ते भिंतीला धरून चढले. अठ्ठेचाळीस.

"दुपारचं जेवता का नाही तुम्ही?" माझा आवाज चढला, डॉक्टरांसमोरच.

"जेवतो की." मग खाली बघत म्हणाले, "ते म्होरं येऊन बसतंय. म्हशी व्हत्या तवा त्यास्नी वैरण टाकल्याबगर म्या कधी जेवलो का? जनावराचं पोट भरल्याबगर घास उतरत न्हाय. तू त्याला चिमूटभर देतीस. मग म्या माझं दूध-भाकरी त्याला घालतो, अन् ते खाताना बघून माझंबी पोट भरतंय."

मला त्यांचा राग आला, मग माझा आला, मग कुणाचा आला ते कळेनासं झालं. मामा अजून काट्यावरच उभे होते. माझा चेहरा बघून त्यांनी हळूच विचारलं, "मलाबी कमी करायचं हाय का? सांग, करतो."

मी त्यांना दंडाला धरून खाली उतरवलं.

दवाखान्यासमोरच्या हॉटेलात मी त्यांच्यासाठी पुरी-भाजी मागवली. त्यांनी पुरी मोडली अन् पहिला तुकडा टोपलीकडं नेला. मी मनगट धरलं. माझा अंगठा अन् मधलं बोट त्यांच्या मनगटाभोवती फिरून एकमेकांवर चढले. पिशवीतून बोक्याचं माप काढलं, डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच, अन् टोपलीत त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं ते कुडूमकुडूम खाऊन संपवलं.

"त्याचं झालं मामा," मी म्हटलं. "आता तुमचं."

मामा जेवायला लागले. वजन घटलेल्या पोरासमोर मी अंगणवाडीत जशी बसते, तशी त्यांच्यासमोर बसून राहिले, शेवटचा घास गळ्याखाली जाईपर्यंत.