रिलेचं तोंड मी बंद केलं

अकोल्याजवळच्या एका गिट्टी खदानीवर मी विजेचा सुपरवायझर होतो. म्हणजे काही बिघडलं की सगळे माझ्याकडे बघत आणि मी वायरमनकडे. एकदा तो रजेवर गेला आणि खदानीच्या तळातलं पाणी उपसणारा पंप तासातासाला बंद पडू लागला. बंद पाडत होता अर्थ लीकेज रिले. केबलमधून वीज फुटून जमिनीत जायला लागली की हा डबा क्षणात लाइन तोडतो. पाण्यात उभ्या माणसाचा जीव त्याच्यावर. शेठ मात्र फोनवर एकच विचारत, "पाणी काहून वाढून राहिलं?"

केबल तपासायची तर चिखलात उतरा. त्यापेक्षा मी वीतभर वायर जोडून रिलेलाच बगल दिली. पंप धडधडत सुरू. शेठनी शाबासकी दिली, मी ती घेतलीही आणि वायर विसरून गेलो.

पंधरा दिवसांनी सुरक्षा सप्ताह आला. भाषणाला अर्थात मीच, जठारपेठेतून कडक इस्त्री करून आणलेल्या शर्टात. "हा रिले तुमचा रक्षक!" असं म्हणून ऐटीत टेस्टचं बटन दाबलं. लाल दिवा लागला, म्हणजे आता पंप बंद पडायला हवा. खाली पंप मजेत चालू. परत दाबलं. चालूच.

"जोरानं दाबा नं साहेब, भाषण देल्यावानी!" मागून कोणीतरी ओरडलं. हशा पिकला.

पंपवाला तेवढा हसला नाही. आत्ताच पाण्यातून वर आलेला, अनवाणी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. त्यानं पॅनलमध्ये डोकावून वायर पाहिली.

"हे कोनं लावलं?"

मी खोकलो.

"म्हंजे पंदरा दिवस मी पाण्यात कोनाच्या भरोशावर उभा होतो?"

मी भाषणाचा कागद खिशात कोंबला आणि पक्कड घेतली.

वायर काढताच पंप फटकन बंद पडला. केबल ओढून काढली, तर एका जोडावर तांबं उघडं पडलेलं. तो उभा राहायचा तिथून वीस पावलांवर. तेवढ्यानं वाचला.

नवी केबल आली, रिले तपासून झाला, तरी गडी पाण्यात उतरेना.

"पयले तुमी. बूट काढून."

उतरलो. पंप धडधडत सुरू झाला, मी पाण्यातच उभा. त्यानं काठावर बसून बीडी पेटवली, सावकाश संपवली, आणि मग पाण्यात पाय टाकला.